वाँटेजच्या मठापासून केडगावच्या मुक्तिसदनापर्यंत

पंडिता रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रामुख्याने वादांच्या अंगाने. संस्कृत पंडिता, बालविधवांची कैवारी आणि धर्मांतर करून स्वजनांचा रोष ओढवून घेणारी स्त्री अशा तीन चित्रांत हे आयुष्य बहुधा मांडले जाते. त्याच्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. ही बाजू वास्तूंची आहे. जन्मापासून विशीपर्यंत जिला स्वतःचे म्हणावे असे छप्पर मिळाले नाही, तिने पुढे हजारो निराधार स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर उभे केले. या दोन टोकांच्या मध्ये इंग्लंडमधील वाँटेज या लहानशा गावातील एक अँग्लिकन मठ उभा आहे. त्या मठाने रमाबाईंना आश्रय दिला आणि सेवेचा एक नमुना दाखविला. तिथेच त्यांना संघर्षही करावा लागला. त्या मठाची, त्याच्या पुण्यातील शाखेची आणि केडगावच्या मुक्तिसदनाची कथा एकत्र वाचली, तर जुन्या वास्तू जपणे म्हणजे नेमके काय जपणे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्याचा हट्ट त्यांनी धरला. त्यापायी झालेला विरोध पत्करून त्यांनी रानात आश्रम थाटला. पुढे तोही सुटला आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर वा झाडाखाली मुक्काम करायचा, पुराण सांगायचे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. रमाबाईंचे शिक्षण याच भटकंतीत आईच्या तोंडून झाले. घर नव्हते, पण हजारो श्लोक मुखोद्गत होते.

१८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाची धूळधाण केली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही गेली. उरलेले दोघे, रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एका स्त्रीचा असा गौरव होणे ही त्या काळातील असाधारण घटना होती. मात्र १८८० साली श्रीनिवासशास्त्रीही निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा घास घेतला. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर अल्पवयीन मुलगी आणि मागे कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे घर त्यांना आपले झाले. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला जावे, हा विचार त्यांच्या मनात याच सुमारास पक्का झाला.

या टप्प्यावर त्यांच्या आयुष्यात वाँटेजचा मठ आला. ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ हा भगिनीसंघ १८४८ साली वाँटेजचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी स्थापन केला होता. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील मठ बंद करण्यात आले, त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे अँग्लिकन चर्चमध्ये जोगिणींची परंपराच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या काही संघांत वाँटेजची गणना होते. योगायोग असा की, १८४८ हेच पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ते वर्ष. त्या शाळेचे एक मूळ अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या १८३९पासून नगरला मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतिरावांनी त्यांचे काम तेथे पाहिले आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या हाताखाली अध्यापनाचे धडे घेतले. फरारबाई १८६२ साली नगरलाच निवर्तल्या. स्त्रीशिक्षणाचे दोन प्रवाह असे एकाच काळात जगाच्या दोन कोपऱ्यांत वाहू लागले होते. पुढे पुण्यात ते एकमेकांच्या जवळ आले.

वाँटेजचा संघ सुरुवातीस गावातील साध्या घरांत राहत होता. १८५०च्या दशकात जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाने मठाची पहिली इमारत रचली. पुढे विल्यम बटरफील्ड यांनी तिचा विस्तार केला आणि १८८०च्या दशकात जॉन लॉफबरो पिअर्सन यांच्या आराखड्यानुसार मोठे उपासनागृह उभे राहू लागले. व्हिक्टोरियन काळातील गॉथिक शैलीचे हे तिघेही अग्रगण्य शिल्पी होते. एका लहान गावातील मठावर तिघांचा हात फिरावा, हे दुर्मीळच. मठाची रचना मात्र थाटामाटासाठी नव्हती. प्रार्थना, अध्ययन, शिवण, धुलाई, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि निराश्रित मुलींचे शिक्षण या दिनक्रमासाठी ती केलेली होती. काम आणि प्रार्थना एकाच आवारात बांधून ठेवणारी ही मांडणी पुढे रमाबाईंच्या पाहण्यात आली.

या संघाच्या भगिनी १८७७ साली पुण्यास आल्या. सेंट मेरीज शाळेचे काम त्यांनी हाती घेतले आणि शहरात गुरुवार पेठेतील पंच हौद भागात वस्ती केली. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिन यांची रमाबाईंशी ओळख झाली. इंग्लंडला जाण्याचा मार्ग याच ओळखीतून खुला झाला. अटी साध्या होत्या. भारतात कामासाठी येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी वाँटेजला मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात त्यांची राहण्याची सोय व्हायची. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई, दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत अशा तिघी मुंबईहून निघाल्या. दयेवर जगायचे नाही, मोबदला देऊन राहायचे, हा रमाबाईंचा बाणा या कराराच्या मुळाशी होता.

वाँटेजला त्यांना दोन आघात सोसावे लागले. पहिला म्हणजे आनंदीबाई भगत यांचा करुण अंत. परक्या देशात, परक्या धर्माच्या भयाने मनाचा तोल ढळलेल्या या तरुणीने आपला जीव गमावला. दुसरा आघात स्वतःच्या देहाचा होता. रमाबाईंची श्रवणशक्ती झपाट्याने क्षीण होत होती आणि त्यामुळे डॉक्टर होण्याची आशा सोडावी लागली. ज्या हेतूने सातासमुद्रांपलीकडे आल्या, तोच हेतू नाहीसा झाला.

याच काळात भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपले आश्रमगृह दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळत होता, काम मिळत होते आणि त्यांच्याशी कोणी तुच्छतेने वागत नव्हते. अशा स्त्रियांकडे करुणेने पाहणारी संस्था रमाबाई प्रथमच पाहत होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीवर कोणत्याही प्रवचनापेक्षा या घराचा परिणाम अधिक झाला. बनारसचे पंडित आणि नंतर ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी चाललेल्या विचारविनिमयाचाही त्यात वाटा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही बातमी महाराष्ट्रात पोहोचली, तेव्हा त्यांच्या अनेक चाहत्यांना तो घात वाटला.

मठालाही लवकरच कळून चुकले की ही शिष्या सहजासहजी वाकणारी नाही. १८८४पासून रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना मोकळेपणाने सामोरे जाण्याचे धोरण ठेवले. सिस्टर जेराल्डिन मात्र स्वतःला रमाबाईंची धर्ममाता मानत आणि आज्ञापालनाची अपेक्षा करीत. मतभेदाचे मुद्दे लहानमोठे अनेक होते. ईश्वराच्या त्रिविध रूपाचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीला पटेना. बिशपांच्या अधिकारापुढे सदसद्विवेक गहाण टाकण्यास त्या तयार नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, आपल्या संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल होता. त्या शाकाहार सोडण्यास राजी नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची संधी त्यांच्यापुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली आणि मठाने त्या हरकतीची बाजू उचलून धरली. कलकत्त्यात पुरुषांच्या सभांत शास्त्रार्थ केलेल्या स्त्रीला हे बंधन अपमानास्पद वाटले, यात नवल नाही. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत, यावरूनही आई आणि मठ यांच्यात ताण निर्माण झाला.

हा संघर्ष दोन्ही बाजूंनी प्रामाणिक होता. भगिनींनी रमाबाईंवर खर्च केला, मनोरमेला जीव लावला आणि आजारपणात सेवा केली. रमाबाईंना ते उपकार मान्य होते. पण उपकाराच्या बदल्यात विचारस्वातंत्र्य देणे त्यांना मान्य नव्हते. एका धर्मसत्तेच्या जाचातून सुटून दुसऱ्या धर्मसत्तेची गुलामी पत्करायची नाही, हा त्यांचा निश्चय वाँटेजच्या भिंतींआडच पक्का झाला.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस निघाल्या. निमित्त होते त्यांच्या आप्त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. थोड्या दिवसांचा मुक्काम जवळपास पावणेतीन वर्षे लांबला. बालोद्यान शिक्षणाची पद्धत त्यांनी शिकून घेतली, गावोगावी व्याख्याने दिली आणि १८८७ साली ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी धर्मनिरपेक्ष निवासी शाळा काढावी आणि तिला दहा वर्षे आर्थिक साह्य मिळावे, अशी योजना ठरली. कोणत्याही एका चर्चच्या छत्राखाली न जाता काम करण्याची मोकळीक त्यांना अशी मिळाली.

१ फेब्रुवारी १८८९ रोजी रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. हिंगण्याच्या त्या मोठ्या कार्याचा एक धागा अशा रीतीने शारदा सदनाच्या उंबऱ्याशी जाऊन पोहोचतो.

नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. त्याच वर्षी पुणे एका वेगळ्याच प्रकरणाने ढवळून निघाले. पंच हौद मिशनमधील एका कार्यक्रमात शहरातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे या दोघांनाही या चहाचा जाब द्यावा लागला. मिशनच्या आवारात घेतलेला चहाचा एक पेला जेथे एवढे वादळ उठवू शकत होता, तेथे एका ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने ब्राह्मण विधवांचे वसतिगृह चालविणे किती अवघड होते, याची कल्पना यावरून येते. १८९३ साली ते वादळ सदनावर येऊन आदळले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचे उघड झाल्यावर रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका अशी होती की, त्या कोणावर धर्म लादत नाहीत, पण स्वतःच्या खोलीचे दार लावून प्रार्थनाही करणार नाहीत. टीकाकारांच्या मते ही तटस्थतेच्या वचनाशी प्रतारणा होती. या वादाचा निकाल शंभर वर्षांनंतरही एकमुखाने लागलेला नाही.

पुण्यापासून सुमारे चाळीस मैलांवर, दौंडच्या अलीकडे, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. अहमदनगर शहरालगतही केडगाव नावाचे गाव आहे, त्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो. मुक्तिसदनाचे केडगाव ते पुणे जिल्ह्यातले. मूळ कल्पना फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालविण्याची होती. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि पुण्यात प्लेगने थैमान घातले. रमाबाई दुष्काळी मुलखात गेल्या आणि तेथून शेकडो मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. शहरात त्यांना ठेवणे प्लेगच्या निर्बंधांमुळे अशक्य झाले. मग केडगावच्या माळावर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. बालपणी उपासमारीत आईबाप गमावलेली स्त्री आता उपासमारीतून सुटलेल्या मुलींची आई झाली होती.

त्या छावणीतून मुक्तिसदन आकारास आले. १९००च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मोठ्या वसाहतीची मांडणी रमाबाईंनी स्वतः केली. पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन आणि मुलांसाठी सदानंदसदन, तर अंध मुलींची वेगळी व्यवस्था. १८९९ साली भव्य चर्चची पायाभरणी झाली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, गोठा, विणकाम, शिवण आणि छपाई ही कामे स्त्रियाच करू लागल्या. मराठी मुलींनी खिळे जुळवून पुस्तके छापावीत, हे दृश्य त्या काळी क्वचितच पाहावयास मिळे.

प्रार्थना आणि श्रम एकाच कुंपणात आणणारी ही मांडणी पाहिली की वाँटेज आणि फुलहॅमची आठवण होते. पण फरकही तितकाच मोठा आहे. वाँटेजला अधिकाराची उतरंड होती, व्रते होती आणि बिशपांची मान्यता लागे. मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाचे नव्हते. वेष, आहार आणि भाषा देशी होती. भजने होती, मराठी प्रार्थना होत्या. मठातून घ्यावयाचे ते घेऊन आणि सोडावयाचे ते सोडून रमाबाईंनी स्वतःची वास्तू रचली. मठाचे ऋण फेडण्याची त्यांची ही रीत होती.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहून घेतले. पंडिती भाषेऐवजी सामान्य बायकांना समजेल अशी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा त्यांनी उतारवयात अभ्यास केला. १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. २४ जुलै १९२१ रोजी उजवा हात असलेली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या मागे या वास्तूंचे काय झाले, हा कथेचा उत्तरार्ध आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेत १८८५ साली उभे राहिलेले पवित्र नाम चर्च आणि त्याचा उंच घंटामनोरा आजही पंच हौदाची ओळख आहे. मनोऱ्यातील आठ घंटा इंग्लंडमधील लॉफबरो येथील टेलर यांच्या ओतशाळेत घडविलेल्या आहेत. १९७०मध्ये उत्तर भारतातील अँग्लिकन चर्च आणि इतर काही पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले आणि हे चर्च त्याचा भाग बनले. दाट वस्तीच्या पेठेत एवढी जुनी वास्तू टिकवून धरणे सोपे नाही.

वाँटेजच्या भगिनींच्या परंपरेला पुण्यात आणखी एक वळण मिळाले आणि त्याचा उगम पुन्हा अहमदनगरकडे जातो. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू नगरला काम करीत असताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या देशी ख्रिस्ती साधनेने प्रभावित झाले. त्यांनी टिळकांचे चरित्रही लिहिले. १९२२ साली, म्हणजे रमाबाईंच्या निधनाच्याच वर्षी, विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम स्थापन केला. पुढे तो पुण्याच्या शिवाजीनगरात स्थिरावला. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन प्रथम भारतात आले ते याच संघात. कालांतराने आश्रमातील वस्ती विरळ झाली. तेव्हा १९७२ साली वाँटेज परंपरेच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्ट संघाच्या रोमन कॅथलिक भगिनी यांनी तेथे एकत्र राहण्यास प्रारंभ केला. जमिनीवर बसून प्रार्थना, शाकाहार, उपनिषदांचे वाचन असा तेथील क्रम होता. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या रमाबाईंना ज्या परंपरेने एकेकाळी नकार दिला, त्याच परंपरेच्या लेकींनी सुमारे नव्वद वर्षांनी ही वाट स्वीकारली.

खुद्द वाँटेजची वास्तू तिच्या स्थापत्यमूल्यामुळे इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. पण मठ केवळ विटांनी टिकत नाही. विसाव्या शतकात व्रत घेणाऱ्या स्त्रियांची संख्या घटत गेली. १ जानेवारी २०१३ रोजी संघातील अकरा भगिनींनी सदसद्विवेकाला स्मरून रोमन कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला आणि त्यांना वाँटेजचे घर सोडावे लागले. श्रद्धेसाठी छप्पर सोडण्याची ही कृती रमाबाईंना अपरिचित वाटली नसती.

दगडी वास्तू जपण्याचे एक शास्त्र आहे. नगर आणि पुणे परिसरातील एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या इमारती बहुतांशी काळा पाषाण, चुना आणि सागवान यांच्या आहेत. चुन्याचा दर्जा श्वास घेऊ देण्याचा असतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर सोडतो. अशा भिंतींच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओल आत कोंडते, दगड झिजतो आणि तुळयांची टोके कुजतात. कौले वेळेवर चाळली नाहीत, पन्हाळी साफ केल्या नाहीत, तर दोन-चार पावसाळ्यांत छप्पर खाली येते. म्हणजे दुर्लक्ष करण्याइतकीच घाईची डागडुजीही घातक ठरते. या कामाला पैसा लागतो, पण त्याहून अधिक लागतो तो जाणकार गवंडी आणि वास्तूचा इतिहास ठाऊक असलेला विश्वस्त.

पण वाचविणे आणि जतन करणे यांत भेद आहे. पुण्यातील भिडे वाडा, जेथे १८४८ साली फुल्यांची मुलींची शाळा भरली, तो वर्षानुवर्षे मोडकळीस येत राहिला. न्यायालयीन वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तेथील जीर्ण वास्तू पाडण्यात आली, ती राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारक होईल, पण ज्या भिंतींनी त्या मुलींचे पाढे ऐकले त्या भिंती आता नाहीत. केडगावला वेगळे घडले. मुक्तिसदनाचे आवार टिकले, कारण त्याचा उपयोग थांबला नाही. निराधार स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी तेथील काम रमाबाईंच्या मागे शंभर वर्षे उलटूनही चालू राहिले आहे. ज्या वास्तूत रोज चूल पेटते, तिच्या कौलांकडे कोणाचे तरी लक्ष असते.

जतनाचे आणखी एक उदाहरण विटा-दगडांचे नाही. रमाबाई आणि वाँटेज यांच्यातील वादाची पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी आयुष्याच्या उतरणीला जुळवून ठेवली. त्यांतील कित्येक पत्रांत त्यांच्याच मतांवर रमाबाईंनी कठोर टीका केली होती. तरीही त्यांनी ती नष्ट केली नाहीत. मठाच्या कपाटांतून सुरक्षित राहिलेला हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. आज रमाबाईंची वैचारिक उंची अभ्यासकांना कळते ती मुख्यतः या पत्रांमुळे. आपल्याशी भांडून गेलेल्या लेकीचा शब्दन् शब्द त्या मठाने जपला.

भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक कशात आहे, हे ठरविताना त्यांच्या आयुष्याचा क्रमच उपयोगी पडतो. ओवरी, पाहुण्याचे घर, मठाची खोली, भाड्याची जागा, माळावरचा तंबू आणि अखेर स्वतः बांधलेली वसाहत, या प्रत्येक छपराखाली त्यांनी एकच कसोटी लावली. आत येणाऱ्या स्त्रीला येथे अन्न, विद्या आणि मान मिळतो का, आणि तिला स्वतःच्या बुद्धीने विचार करता येतो का? जुन्या मिशनवास्तूंच्या दुरुस्तीचे आराखडे करताना, मग ते पुण्यात असोत, नगरला असोत वा वाँटेजला, दगड आणि चुन्याच्या हिशेबाबरोबर हा प्रश्नही विश्वस्तांनी विचारावयास हवा.